ओवाळणी, रेवडी आणि पगारातले दोनशे रुपये

महाराष्ट्रात सरकारी पैशांवरून गेली काही वर्षं जे भांडण चालू आहे, त्यात आकडे भरपूर फेकले जातात. पण लोकांच्या डोक्यात राहतात ते दोन शब्द: 'ओवाळणी' आणि 'रेवडी'. बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये जमा होतात, एवढीच मूळ घटना. देणारे तिला ओवाळणी म्हणतात, चिडणारे रेवडी म्हणतात. आणि या दोघांच्या मध्ये तिसरा एक शब्द छाती पुढे काढून उभा असतो, तो म्हणजे 'करदाता'.

या लेखात मला हे शब्द जरा सावकाश वाचायचे आहेत. एखादी गोष्ट किंवा कविता वाचताना आपण जसं बघतो, की हा शब्द काय सांगतोय आणि काय झाकतोय, तसं. मी अर्थतज्ज्ञ नाही. नाशिकमध्ये घरी बसून सॉफ्टवेअर लिहितो, पगार घेतो, कर भरतो. पण इंजिनिअरिंगने एक सवय लावली आहे. सिस्टीम वेडंवाकडं उत्तर द्यायला लागली, की गणितावर संशय घेण्याआधी बघायचं, एखादं इनपुट तर गाळलं गेलं नाही ना? कल्याणकारी योजना आणि करांबद्दलच्या आपल्या वादात एक मोठं इनपुट गाळलं जातंय, असं माझं म्हणणं आहे.

ओवाळणी

२८ जून २०२४ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर केली. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या कुटुंबातल्या महिलांना महिन्याला १,५०० रुपये, वर्षाचा अंदाजे खर्च ४६,००० कोटी. पहिले दोन हप्ते एकदमच, ऑगस्टमध्ये, रक्षाबंधनाच्या तोंडावर जमा झाले. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. प्रचारात १,५०० चे २,१०० करू असं आश्वासन आलं आणि महायुती प्रचंड बहुमताने परत आली.

आता नाव बघा. 'रोजगार हमी'मध्ये हमी आहे. 'अन्नसुरक्षा'मध्ये सुरक्षा आहे. या योजनेच्या नावात नातं आहे. भाषणांमधून आणि जाहिरातींमधून हा पैसा ओवाळणी म्हणूनच आला. भाऊबीजेला भाऊ ताटात काय टाकतो, हे त्याच्या मनावर असतं. किती टाकलं ते बहिणीने त्याच्यासमोर मोजायचं नसतं. कमी टाकलं तर तक्रार करायची नसते. पुढच्या वर्षी तो आलाच नाही, तर दाद मागायला कुठलं कार्यालय नसतं. आणि भाऊ स्वतःच्या खिशातून टाकतो, म्हणून त्याचं कौतुक.

सरकारने हा शब्द उचलला तेव्हा या सगळ्या अटी त्याच्यासोबत आल्या. पैसा सार्वजनिक तिजोरीतला, पण तो कुणाच्या तरी खिशातून आल्यासारखा वाटायला लागला. हक्काच्या जागी उपकार बसला. मला या दीड हजारांबद्दल अजिबात तक्रार नाही. ज्या घरात बाईच्या हातात स्वतःच्या नावाने कधी रुपया येत नाही, तिथे तिच्या खात्यात थेट रक्कम पडणं ही मोठी गोष्ट आहे. गॅसचं सिलिंडर, मुलीची वही, भिशीचा हप्ता, दवाखान्याचा रिक्षा. ज्यांना हे किरकोळ वाटतं, त्यांनी महिनाअखेरीला दीड हजार कमी असलेलं घर जवळून पाहिलेलं नसावं. माझी तक्रार शब्दाबद्दल आहे, कारण शब्दाने पुढचा रस्ता ठरवला.

निवडणुकीनंतर छाननी सुरू झाली आणि नात्याची भाषा फाइलच्या भाषेत बदलली. 'लाडकी बहीण'ची 'अपात्र लाभार्थी' झाली. जून २०२५ पासून २६.३४ लाख खात्यांचे हप्ते तात्पुरते थांबवल्याचं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं. 'नमो शेतकरी'सारख्या योजनांमधून ज्यांना महिन्याला हजार रुपये मिळतात, त्यांना इथून पाचशेच मिळणार हेही ठरलं. मग ई-केवायसी आली. तीत पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यावरचा ओटीपी हवा. नवरा गेलेल्या किंवा घटस्फोट झालेल्या बायकांसाठी नंतर वेगळी सोय करावी लागली. पण नवऱ्याने नुसतंच सोडून दिलेल्या बाईकडे कुठला कागद असतो? तिने ओटीपी मागायला कुणाला फोन करायचा?

बातम्या मात्र गाजल्या त्या १४,२९८ पुरुषांच्या, ज्यांनी बहिणी बनून पैसे उचलले. चीड येणारच, यायलाच हवी. पण हप्ते थांबवलेल्या खात्यांच्या संख्येशी ताडून बघा, हा आकडा जेमतेम अर्धा टक्का भरतो. कुठल्याही फिल्टरमध्ये दोन प्रकारच्या चुका होतात. नको तो आत येतो आणि हवा तो बाहेर राहतो. पहिल्या चुकीची बातमी होते, कारण तिच्यात चोर सापडतो. दुसऱ्या चुकीत एक बाई दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सेतू केंद्रावर जाते आणि परत येते. त्याची बातमी होत नाही. ओवाळणीबद्दल भांडायचं नसतं, हे तिला आधीच शिकवून ठेवलेलं असतं.

ताटात आलं कुठून?

२०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. त्याच अर्थसंकल्पातली महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राज्यावरचं कर्ज वर्षअखेरीस ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज. अशा वेळी सरकारपुढे तीन वाटा असतात. कर्ज काढायचं, कुणाकडून तरी जास्त कर घ्यायचा किंवा दुसऱ्या कुणाचं तरी कमी करायचं. पहिली वाट आधीच वापरून झाली होती. दुसरीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. तिसरी निवडली गेली.

मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी लाडकी बहीणकडे वळवण्यात आले. मिळून ७४६ कोटी. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट सरकारमध्ये असूनही जाहीरपणे चिडले. सरकारची बाजू अशी होती की योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या महिलाही आहेत, त्यामुळे त्यांच्या वाट्याचा खर्च त्या विभागांच्या नावावर दाखवणं नियमात बसतं. हिशोबाच्या वहीत हे बसेलही. पण या विभागांचा निधी राखून ठेवण्यामागे विचार असा होता, की सगळ्यांना मिळतं त्याच्यावर या समाजांना काहीतरी जास्तीचं मिळावं. वसतिगृह, शिष्यवृत्ती, आश्रमशाळा. जे राज्यातल्या सगळ्याच पात्र महिलांना मिळतंय, ते आदिवासी महिलेला मात्र आदिवासींच्या निधीतून दिलं, तर जास्तीचं काय उरलं?

नाशिकमध्ये हा प्रश्न कागदावरचा राहत नाही, कारण राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय इथेच आहे, जुन्या आग्रा रोडवर. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांमधल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी त्या भवनासमोर बिऱ्हाड मांडलं. वर्षानुवर्षं केलेली कामं आता बाह्यस्रोतामार्फत, म्हणजे एजन्सीकडून भरली जाणार होती, त्याला विरोध म्हणून. गावाकडून शिधा आणि अंथरूण-पांघरूण घेऊन आलेली माणसं भर पावसात दिवसेंदिवस रस्त्याच्या कडेला राहिली. आता सुरगाण्याच्या किंवा पेठच्या एखाद्या घराची कल्पना करा. आईच्या खात्यात दीड हजार येतात. तिची मुलगी ज्या आश्रमशाळेत शिकते, तिथला शिक्षक आणि स्वयंपाकी कायम असणार की एजन्सीचा, हे मात्र ठाऊक नाही. एकाच घराला एका हाताने दिलं जातंय, आणि दुसरा हात काय करतोय ते त्या ओवाळणीच्या ताटात दिसत नाही.

यादी आणखी आहे. २०२२ च्या दिवाळीत सुरू झालेला शंभर रुपयांचा 'आनंदाचा शिधा' २०२५ च्या सणांना मिळाला नाही. येवल्याचे आमदार आणि अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ यांनी त्यामागे पैशांची ओढाताण असल्याचं आणि लाडकी बहीणचा भार सगळ्या विभागांवर पडत असल्याचं आडपडदा न ठेवता सांगितलं. त्याच वर्षी एक रुपयातला पीक विमा बंद झाला. त्या विम्यात घोटाळे झाले होते हे खरं. पण बोगस अर्ज करणारे एजंट आणि खरोखर गारपिटीत द्राक्षबाग गेलेला निफाडचा शेतकरी, दोघांसाठी दार एकदमच बंद झालं.

म्हणजे गरिबांच्या एका योजनेचा खर्च गरिबांच्या दुसऱ्या योजनांनी उचलला. या सगळ्या काळात 'जास्त पैसा असलेल्यांकडून थोडं जास्त घेऊ या का?' हे वाक्य ना सत्ताधाऱ्यांच्या तोंडून ठळकपणे आलं, ना विरोधकांच्या. महाविकास आघाडीने तर निवडणुकीत ३,००० रुपयांच्या 'महालक्ष्मी'चं आश्वासन दिलं होतं. दुप्पट ओवाळणी, आणि ती कुठून येणार यावर तेवढंच मौन.

रेवडी

दुसरा शब्द बाहेरून आलाय. हिंदीत म्हण आहे, आंधळा रेवड्या वाटायला बसला की फिरून फिरून आपल्याच माणसांना देतो. १६ जुलै २०२२ रोजी बुंदेलखंड एक्सप्रेसवेच्या उद्घाटनाला जालौनमध्ये पंतप्रधानांनी 'रेवडी कल्चर'वर टीका केली आणि शब्द देशभर पसरला. मराठीत रेवडी 'उडवतात', म्हणजे एखाद्याची टर उडवतात. मला वाटतं, मराठीत आल्यावर या शब्दाने दोन्ही अर्थ घेतले. योजनेवर टीका करता करता ती घेणाऱ्या बाईची टर उडवण्याचीही सोय झाली. रील्स आठवा: खात्यात पैसे आले म्हणून नाचणारी बाई आणि मागे विनोदी संगीत.

शब्द कुणाला लागू होतो यापेक्षा कुणाला लागू होत नाही, हे जास्त बोलकं असतं. २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात पत्रकार परिषद घेऊन कंपन्यांवरचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादन कंपन्यांना १५ टक्के. वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, हा सरकारचा स्वतःचा अंदाज होता. त्याला नाव मिळालं 'प्रोत्साहन'. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच कोटींच्या वर उत्पन्न असलेल्यांचा सरचार्ज नव्या करप्रणालीत ३७ वरून २५ टक्के झाला. त्यांचा कमाल करदर ४२.७४ वरून ३९ टक्क्यांवर आला. त्याला नाव मिळालं 'सुधारणा'. २०२५ मध्ये बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. बारा लाख कमावणाऱ्याचे वर्षाला ८०,००० रुपये वाचतील, असं सरकारनेच सांगितलं. आमच्यासारख्यांना दिलेल्या या सवलतीचं नाव 'दिलासा'.

लाडक्या बहिणीला वर्षाला मिळतात १८,०००. त्याचं नाव रेवडी.

कंपनी कर कमी करण्यामागे गुंतवणूक वाढेल हा विचार होता, आणि त्यावर अर्थतज्ज्ञांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत. मध्यमवर्गाला सवलत देऊन बाजारात मागणी वाढते हेही खरं. पण मग गरीब बाईच्या हातातले पैसेही बाजारातच जातात, आणि दुसऱ्या दिवशी जातात. एकाच परिणामासाठी एकाला प्रोत्साहन म्हणायचं आणि दुसऱ्याला चटक, हा फरक अर्थशास्त्रातून आलेला नाही.

करदाता

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी एकदा विचारलं, "दादा, तुमचा जो टॅक्स कापतात, त्यातूनच आम्हाला देतात म्हणे. खरं का?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, थोडा संकोच होता. कुणीतरी त्यांना तसं ऐकवलं असणार. ऑफिसच्या ग्रुपवर मीही ते वाक्य अनेकदा वाचलंय: 'आमच्या टॅक्सवर ऐश.'

मावशींना मी जे सांगितलं ते असं. माझा आयकर राज्याकडे जात नाही, केंद्राकडे जातो. केंद्र करांच्या वाटपयोग्य रकमेतला ४१ टक्के हिस्सा राज्यांना देतं, आणि २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या सूत्रात त्यातला महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के आहे. म्हणजे सेस-सरचार्ज सोडून माझ्या आयकराच्या शंभर रुपयांतले साधारण अडीच रुपये या वाटेने मुंबईला पोचतात. राज्याची तिजोरी मुख्यतः भरते ती राज्याच्या जीएसटीतून, पेट्रोल-डिझेलवरच्या व्हॅटमधून, घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कातून, दारूवरच्या उत्पादन शुल्कातून. साबण, तेल, मोबाइलचा रिचार्ज, मुलाच्या बाइकमधलं पेट्रोल, यावर मावशी कर भरतातच. पगाराच्या प्रमाणात बघितलं तर बहुधा माझ्याहून जास्त, कारण त्यांचा सगळा पगार खर्च होतो आणि माझा बराचसा म्युच्युअल फंडात जातो.

'करदाता' हा शब्द आपण पॅनकार्डापुरता आखडून टाकलाय. फॉर्म १६ ज्याच्या हातात येतो तो करदाता, बाकीचे 'लाभार्थी'. या वाटणीत माझ्यासारख्या पगारदाराला एक सुखद भूमिका मिळते: देश मी चालवतो. आणि या सुखात आम्ही वर बघायचं विसरतो. आमची नजर सतत खाली, दीड हजार घेणाऱ्या बाईकडे. गाळलेलं इनपुट वरच्या बाजूला आहे.

संपत्ती म्हणजे नक्की कुणाची?

भारतात श्रीमंतांच्या संपत्तीवर कर कधीच नव्हता, असा माझ्या वयाच्या अनेकांचा समज आहे. तो होता, आणि एक नाही, दोन. १९५३ पासून मृत्यूनंतर मागे राहणाऱ्या मोठ्या मालमत्तेवर 'इस्टेट ड्युटी' होती. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५६ मध्ये, केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डॉर भारताची करव्यवस्था तपासायला आले. त्यांच्या शिफारशींनंतर १९५७ मध्ये संपत्ती कर आला. इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी रद्द केली, संपत्ती कर २०१५ मध्ये अरुण जेटली यांनी. दोन्ही वेळी कारण जवळपास एकच: उत्पन्न कमी, वसुलीचा व्याप जास्त. इस्टेट ड्युटीतून वर्षाला वीसेक कोटी मिळत होते. संपत्ती करातून २०१३-१४ मध्ये देशभरातून १,००८ कोटी.

हे आकडे दाखवून 'बघा, श्रीमंतांवर कर लावून काही मिळत नाही' असं आजही सांगितलं जातं. पण १,००८ कोटीच का मिळाले? कारण १९९३ पासून शेअर्ससारखी संपत्ती या करातून वगळलेली होती. उरलं काय, तर जास्तीचं घर, दागिने, गाडी, विमान, घरातली रोकड. या देशातली खरी मोठी संपत्ती शेअर्समध्ये असते. तिजोरी ज्या खोलीत आहे ती खोली सोडून बाकी घराची झडती घ्यायची, आणि मग घरात काही सापडलं नाही असा अहवाल द्यायचा, असा हा प्रकार होता.

नितीन भारती, लुकास चान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के हिस्सा होता. त्यांनी नंतर एक प्रस्ताव मांडला: दहा कोटींच्या वरच्या निव्वळ संपत्तीवर वर्षाला दोन टक्के आणि त्याच मर्यादेच्या वर वारसा कर. त्यांच्या हिशोबाने हा कर दहा हजार प्रौढांमागे चार जणांना लागला असता.

चार जणांना. पण एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या प्रचारात, संपत्तीच्या फेरवाटपाचा विषय निघाला तेव्हा चर्चा कशावर झाली? मंगळसूत्रावर. सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले आणि त्यांच्याच पक्षाने हात झटकले. यात राजकारण होतंच, पण भाषेचाही हात आहे. मराठीत 'संपत्ती' या शब्दाला खालची मर्यादा नाही. आजीच्या पाटल्या संपत्ती, सातपूरचं दोन खोल्यांचं घर संपत्ती, आणि हजारो कोटींचे शेअर्सही संपत्तीच. त्यात महापालिकेची मालमत्ता कराची पावती दरवर्षी दारात येतेच. म्हणून 'संपत्तीवर कर' म्हटलं की दहा हजारांतल्या त्या चार जणांच्या आधी उरलेले ९,९९६ घाबरतात. डाव्या-उदारमतवादी मंडळींवरही माझा आक्षेप हाच आहे. ते जीडीपीच्या टक्क्यांत बोलतात आणि हा कर कुणाला लागणार नाही, हे साध्या मराठीत आधी सांगत नाहीत.

अशा कराला खऱ्या अडचणी आहेत. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीची किंमत कशी लावायची? माणसं दुबईला गेली तर? फ्रान्सच्या संसदेत अतिश्रीमंतांवरच्या दोन टक्के कराचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळला गेला, तिथेही हेच मुद्दे होते. शिवाय महाराष्ट्र सरकार एकट्याने संपत्ती कर लावूच शकत नाही, तो विषय घटनेने केंद्राकडे दिलाय. पण राज्याच्या हातात जे आहे, त्याचं आपण काय केलं? याचं उत्तर बहुतेकांच्या पगारपत्रकात आहे.

दोनशे रुपयांची ओळ

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या सॅलरी स्लिपवर 'प्रोफेशनल टॅक्स' अशी ओळ असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. ऑफिसमध्ये फेब्रुवारीत कुणीतरी हमखास विचारतं, या महिन्यात शंभर जास्त का कापले? हा कर मुळात का लावला, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

१९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, मागेल त्याला काम, त्या दुष्काळात राज्यभर नेली गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाही होता. त्याचं एक उत्तर म्हणजे १९७५ चा व्यवसाय कर. शहरातल्या पगारदार आणि व्यावसायिकांनी द्यायचं, खेड्यातल्या हाताला काम मिळायचं. अशा ठरावीक करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्याने आपल्याकडून घालायची. योजनेला कायद्याचा आधार होता, कराला ठरलेलं काम होतं. कोण देतंय, कुणाला, कशासाठी, हे विधिमंडळात उघडपणे बोललं गेलं होतं. देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच वाटेने पुढे गेला.

मला त्या काळाचं सोवळं कौतुक करायचं नाही. खोट्या हजेऱ्या झाल्या, मजुरी थकली, जमलेला सगळा पैसा हमीवर खर्च होत नाही अशी टीका झाली. पण त्या योजनेवर बाई कामाला आली की ती कुणाची लाडकी नव्हती. ती काम मागत होती, आणि ते देणं सरकारवर बंधनकारक होतं. मजुरी थकली तर ती तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकत होती, आणि नेत होती.

आता त्या कराचं काय झालं ते बघा. घटनेच्या कलम २७६ ने व्यवसाय कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली. तेव्हापासून ती तिथेच आहे. मी जन्मायच्या आधीपासून. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० करावी असं सुचवलं, पंधराव्यानेही वाढवायला सांगितलं. आकडा हलला नाही. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही हार्डकोड केलेली व्हॅल्यू म्हणतो: कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेली, आणि नंतर हात लावायला सगळे घाबरतात अशी.

त्याचा परिणाम असा. अंबडच्या एमआयडीसीत महिना १२,००० वर काम करणारा कामगार वर्षाला २,५०० भरतो, म्हणजे कमाईच्या १.७ टक्के. (महिलांना महिना २५,००० पर्यंत हा कर माफ आहे.) वर्षाला एक कोटी पगार घेणारा मुंबईतला अधिकारीही २,५००च भरतो. ते होतात ०.०२५ टक्के. घराच्या नोंदणी शुल्कातही हीच तऱ्हा: किमतीच्या एक टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. पाथर्डी फाट्यावरचा तीस लाखांचा फ्लॅट आणि मलबार हिलवरचा तीस कोटींचा, दोघांची पावती सारखी.

यातली एक मर्यादा संसदेच्या हातात आहे, दुसरी राज्याच्या. दोन्ही वाढवल्याने राज्याची सगळी तूट भरून निघणार नाही. पण डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राने मनरेगाच्या जागी जो नवा कायदा आणला, त्यात बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकला गेला आहे. मजुरीचा पैसा आधी केंद्राकडून यायचा, आता महाराष्ट्राला स्वतःचा वाटा उभा करावा लागेल. जिथे रोजगार हमी जन्मली त्या राज्यापुढे १९७५ चा प्रश्न परत आलाय: पैसा कुणाकडून घ्यायचा?

वादात काय मागायचं

माझं म्हणणं या तीन शब्दांना बगल देऊन पुढे जाण्याचं नाही. ते बदलायला लागतील. 'ओवाळणी'च्या जागी कायद्यातला हक्क हवा. ज्यात पात्रतेचे निकष निवडणुकीआधी आणि नंतर सारखेच असतील, हप्ता थांबवण्याआधी बाईचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल, आणि तिला अपील करता येईल असं एक टेबल तालुक्याच्या गावात असेल. 'रेवडी' हा शब्द वापरायचाच असेल तर तो प्रत्येक सवलतीला वापरू या, आमच्या ८०,००० लाही. आणि 'करदाता' म्हणताना साबणावर जीएसटी भरणाऱ्या मावशींना त्यातून वगळायचं नाही.

दरवर्षी मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो. आपण मोबाइलवर बघतो ते 'काय स्वस्त, काय महाग' आणि 'बहिणींना काय मिळालं'. पुढच्या वेळी आणखी एक गोष्ट बघू या. नव्या योजनेच्या नावापुढे रक्कम लिहिलेली असते. ती रक्कम कुठल्या विभागातून काढली आणि कुणाकडून नव्याने घेतली, हे दोन रकाने तिच्याशेजारी लिहिलेले आहेत का? नसतील तर आपल्या आमदाराला ते विचारता येतं. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे पंधरा आमदार आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी आजवर कलम २७६ बद्दल एक वाक्य बोललंय, इथून सुरुवात करायला हरकत नाही.